प्रवेशाच्या पुढचं बघा: ऑटिझम असलेल्या मुलाला नेहमीच्या शाळेत घालताना

डिसेंबर-जानेवारी आला की आमच्या पालकांच्या गटात एकच विचारणा सुरू होते, ‘आपल्या मुलांना कुठली शाळा घेते?’ अमुक शाळा घेते असं कळलं की सगळे तिकडे धावतात. मला वाटतं, विचारायचं ते त्याच्या पुढचं आहे. घेतल्यावर तिथे मुलाचा दिवस कसा जातो? माझी मुलगी सांगलीतल्या एका अनुदानित मराठी शाळेत चौथीत शिकते. तिला ऑटिझम आहे. बोलणं उशिरा आलं, अजूनही तुटक आहे. मोठा आवाज सोसत नाही. अंकांचं मात्र वेड आहे, एसटीच्या पाट्यांवरचे नंबर तिला पाठ असतात. तिला शाळेत घालताना आणि तिथे टिकवताना काय कामाला आलं ते लिहिते आहे. गटातल्या इतर आईबाबांकडून शिकलेलंही यात आहे.

आधी घरातल्यांची मतं कागदावर घ्या

नेहमीची शाळा की फक्त दिव्यांग मुलांसाठीची विशेष शाळा, यावर आमच्या गटात एकमत नाही आणि ते असायलाच हवं असंही नाही. काहींचं म्हणणं, काहीही झालं तरी नेहमीचीच शाळा, कारण मूल मुलांमध्येच शिकतं. काही जण विशेष शाळेवर समाधानी आहेत. तिथे वर्गात मोजकी मुलं, बाई त्याच विषयातल्या शिकलेल्या, आणि रोज शाळेतून तक्रारीचा फोन येत नाही. दोन्हीकडची माणसं आपल्या लेकराचं भलंच बघताहेत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम ३१ मध्येही ही निवड मुलाच्या, म्हणजे घरच्यांच्या हाती ठेवली आहे. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षण मिळण्याचा हक्क आहे, मग ते घराजवळच्या शाळेत असो की विशेष शाळेत.

म्हणून शाळा बघायला बाहेर पडण्याआधी घरातल्या प्रत्येकाला एक कागद द्या आणि ‘शाळेकडून मला काय हवंय’ ते लिहायला सांगा. एकमेकांचं बघून लिहायचं नाही. आमच्याकडे नवऱ्याने लिहिलं, ‘तिला वाचता यावं.’ मी लिहिलं, ‘तिला एक तरी मैत्रीण असावी.’ सासूबाई म्हणाल्या, माझं तूच लिही: डबा पूर्ण खावा आणि शू लागली तर सांगता यावं. शाळा निवडताना सगळ्यात जास्त उपयोगी पडलं ते सासूबाईंचं मत. मैत्रीण होईल का, हे आधी कुणीच सांगू शकत नाही. शू सांगितली तर ऐकणारं कोणी आहे का, हे मात्र शाळेत जाऊन बघता येतं.

कागदपत्रं दिवाळीच्या आधी

दिव्यांग प्रमाणपत्र काढायला बऱ्याच घरांचा विरोध असतो. ‘शिक्का बसेल’ म्हणतात. मी त्यांना एवढंच सांगते की हा कागद शाळेच्या फळ्यावर लागत नाही. तो तुमच्या फायलीत राहतो आणि लागेल तेव्हाच बाहेर काढायचा. तो नसेल तर सवलती, राखीव जागा, वरती दाद मागणं, सगळंच अडतं.

केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा, मग सिव्हिलमध्ये तपासणी होते आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र येतं. ऑटिझमसाठी ‘इसा’ ही भारतीय मोजपट्टी वापरतात. तिच्यात ४० मुद्दे असतात आणि प्रत्येकाला १ ते ५ गुण. मूल अनोळखी खोलीत थिजून बसतं किंवा नेहमीपेक्षा शांत राहतं, आणि तेवढ्यावरून त्याचं घरातलं वागणं कळत नाही. म्हणून मोबाइलवर छोटे व्हिडिओ घेऊन जा: जेवताना, पाहुणे आल्यावर, बाजारात. प्रमाणपत्र तात्पुरतं मिळालं तर मुदत कधी संपते ते कॅलेंडरवर लिहून ठेवा.

खासगी विनाअनुदानित शाळा हवी असेल तर आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागा बघा. २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग मुलं वंचित गटात आली. आपल्या राज्यात या गटाला उत्पन्नाचा दाखला लागत नाही, जन्माचा दाखला, पत्त्याचा पुरावा आणि ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र लागतं. हे कितीतरी पालकांना माहीत नसतं आणि ‘आमचं उत्पन्न बसत नाही’ म्हणून ते अर्जच भरत नाहीत.

शाळा बघायला जाताना वेळ निवडून जा

मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये बसून शाळा कळत नाही. परवानगी काढा आणि तीन वेळांना जा: परिपाठाला, मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटताना. आपल्या मुलांची खरी परीक्षा या तीन वेळी असते. गणिताच्या तासाला माझी लेक निवांत असते. तिची दमछाक होते ती परिपाठात. स्पीकरवर प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, बातम्या, बोधकथा, मागच्या रांगेतून ढकलाढकली आणि डोक्यावर ऊन. स्पीकर कुठे टांगलाय, पहिलीची रांग त्याच्या किती जवळ उभी असते, ते बघा. आम्ही बघितलेल्या एका शाळेत पहिलीची रांग बरोबर स्पीकरखाली होती. मी विचारलं, रांग पलीकडे घेता येईल का? बाई म्हणाल्या, ‘येईल की, त्यात काय!’ त्या ‘त्यात काय’वर मी ती शाळा निवडली.

वर्गात पत्रा आहे की स्लॅब? पावसाळ्यात पत्र्याखाली बाईंचाच आवाज ऐकू येत नाही, तिथे आपलं मूल कान दाबून बाकाखाली जाणार. दार थेट रस्त्यावर उघडतं का? फाटक शाळेच्या वेळात बंद असतं का? पळणाऱ्या मुलाच्या आईबापांनी हे सगळ्यात आधी बघावं. संडास-बाथरूममध्ये स्वतः जाऊन या. ओली फरशी, वास, आतून न लागणारी कडी, यातल्या एकाही गोष्टीमुळे मूल दिवसभर शू दाबून ठेवू शकतं. आणि शाळेतल्या मावशींशी बोला. मुलं रडली, पडली, कपडे ओले झाले की पहिल्या त्याच धावतात. मावशी मायाळू असतील तर निम्मी काळजी मिटते.

पटसंख्या विचारा. आरटीईप्रमाणे प्राथमिकला ३० मुलांमागे एक शिक्षक हवा. अनेक शाळांत प्रत्यक्षात वर्ग याहून मोठे असतात, म्हणून कागदावरचा आकडा ऐकून न थांबता हजेरी बघा.

मुख्याध्यापकांना ‘घ्याल का हो?’ असं विचारू नका. शासनाची मान्यता किंवा अनुदान असलेल्या शाळेने भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आणि मुलाच्या गरजेप्रमाणे सोय करायची, हे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम १६ मध्ये आहे. आरटीईच्या कलम १३ प्रमाणे प्रवेशासाठी मुलाची चाचणी किंवा पालकांची मुलाखत घेणंही चालत नाही. तेव्हा मुलाला प्रवेश मिळणार असं धरूनच बोला आणि हे विचारा: मधल्या सुट्टीत मैदानावर कोण थांबतं? बाई रजेवर असल्या की वर्ग कोण सांभाळतं? पहिलीच्या बाई दुसरीला मुलांबरोबर वर जातात का? पूर्वी असं मूल होतं का, आणि ते आता कुठे आहे? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. ‘होता एक, मग त्यांनी काढून घेतलं’ एवढ्यावर विषय संपला तर का काढलं ते विचारा, जमलं तर त्या पालकांना गाठा.

‘आम्ही सगळ्यांना सारखंच वागवतो’ हे वाक्य सगळीकडे ऐकायला मिळतं. ते मनापासूनच म्हणतात. तरी पुढे विचारा, ‘माझ्या मुलीला घंटेचा त्रास होतो, तर त्या वेळी काय करता येईल?’ यावर बाई विचार करू लागल्या तर शाळा चांगली. ‘होईल हळूहळू सवय’ म्हणाल्या तर जपून.

नकार आलाच तर वाद न घालता अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी नकार देणाऱ्या बऱ्याच शाळा लेखी देताना थांबतात. पुढचं दार म्हणजे जिल्हा परिषदेचे प्राथमिक शिक्षणाधिकारी, महापालिका असेल तर तिथला शिक्षण विभाग किंवा प्रशासन अधिकारी, आणि त्यावर पुण्यातलं दिव्यांग कल्याण आयुक्तालय. आमच्या गटातल्या एका आईला एका शाळेने महिनाभर ‘उद्या या’ म्हणून फिरवलं. तिने अर्जावर पोच मागितली त्याच आठवड्यात शाळा प्रवेश द्यायला तयार झाली. पण तिने शेवटी त्या शाळेत मुलाला घातलं नाही, आणि मला तिचं पटतं. जिथे दारातच एवढं झगडावं लागलं तिथे आत रोज काय, असं तिचं म्हणणं.

मे महिन्यात करायचं काम

रिकामी शाळा बघायला मुलाला घेऊन जा. गर्दी नसताना त्याला वर्ग, नळ, बाथरूम, फाटक ओळखीचं होऊ द्या. या प्रत्येक जागेचा फोटो काढा. बाजारात मिळणाऱ्या तक्त्यांवरच्या चित्रांपेक्षा त्याच शाळेच्या नळाचा फोटो जास्त कामाचा. फोटोंचे कार्ड करून वेल्क्रोने एका पट्टीवर दिवसाच्या क्रमाने लावा: हजेरी, मराठी, गणित, डबा, मैदान, घर. झालेलं कार्ड काढून खालच्या पाकिटात टाकायचं. आमची पट्टी बाकाच्या आतल्या बाजूला चिकटवलेली आहे, कुणाच्या डोळ्यावर येत नाही. ‘घर’चं कार्ड शेवटी दिसतं म्हणून ती आधीचं सगळं पार पाडते. न बोलणाऱ्या मुलांना चित्रांवरून सांगता यावं म्हणून आयआयटी मुंबईत तयार झालेलं ‘जेलो’ हे अॅप मराठीतही चालतं. शाळेत मोबाइल चालत नसेल तर त्यातली रोज लागणारी चित्रं छापून गळ्यातल्या दोरीत अडकवा.

पहिले काही आठवडे अर्धा दिवस ठेवायची विनंती करा. परिपाठ झाल्यावर येऊ द्या म्हणावं, मग हळूहळू वेळ वाढवा. हे जूनमध्ये धावपळीत ठरत नाही, मे संपण्याआधी ठरवून घ्या.

बाईंसाठी एक पान

थेरपिस्टचा आठ पानी अहवाल बाई वाचणार नाहीत, त्यांना तेवढा वेळच नसतो. एकच पान लिहा, मोठ्या अक्षरात. निदानाबद्दल एक ओळ पुरे. बाकी सगळं ‘असं झालं तर असं करा’ या पद्धतीने. आमच्या पानातला काही भाग असा आहे:

‘घंटा वाजायच्या आधी सांगितलंत तर ती कान झाकून बसून राहते. अचानक वाजली तर पळते. पळाली तर मागून हात ओढू नका, समोर येऊन ‘थांब’चं कार्ड दाखवा. डोळ्याला डोळा देत नाही, तरी ऐकत असते. प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजा, मग उत्तर येतं. मध्येच पुन्हा विचारलं तर तिला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. हात झटकते तेव्हा तिला आनंद झालेला असतो किंवा ताण आलेला असतो, झटकू द्या. ओरडायला लागली तर प्रश्न विचारू नका. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवा, पाणी द्या, पाच मिनिटं कुणी बोलू नका.’

सूचना शब्दशः घेते, हेही लिहिलं होतं, पण ते बाईंना खरं कळलं एका दुपारी. वर्गाला त्यांनी नेहमीसारखं सांगितलं, ‘हाताची घडी, तोंडावर बोट.’ सगळी मुलं आपापलं काहीतरी करून बसली. माझी लेक घडी घालायची, मग बोट ठेवायला हात सोडायची, मग घडी मोडली म्हणून पुन्हा घालायची. शेवटी रडायला लागली. बाई जवळ जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, ‘बाळा, तुझं बरोबर आहे, दोन्ही एकदम जमत नाही. फक्त घडी घाल.’ तेव्हापासून त्या पूर्ण वर्गाला एका वेळी एकच सूचना देतात, आणि सांगतात की त्याने इतर मुलंही लवकर शांत होतात.

शॅडो टीचर हवी का?

वर्गात फक्त आपल्या मुलाच्या मदतीला थांबणारी ही बाई काही मुलांना सुरुवातीला लागते. विशेषतः जे पळतात, स्वतःला मारून घेतात किंवा ज्यांना बाथरूमला मदत लागते. ‘शॅडो आणा, तरच प्रवेश’ ही अट मात्र चालवून घेऊ नका. सोय करणं ही शाळेची जबाबदारी आहे, आणि हा पगार कित्येक घरांना झेपत नाही. ठेवलीच तर ती मुलाच्या शेजारी न बसता थोडी मागे बसेल, आणि कुठल्या कामातून कधी बाजूला होईल, हे बाईंसोबत आधी ठरवा. माझी एक खूण आहे: मुलाची वही कोण तपासतं ते बघा. वर्गाच्या बाईंची लाल सही वहीत रोज दिसत असेल तर मूल वर्गाचं आहे. वही फक्त शॅडोच तपासत असेल तर एका खोलीत दोन शाळा भरताहेत, आणि त्याबद्दल बोलायलाच हवं.

शासनाकडूनही मदत आहे. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून तालुक्याच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिकला १० दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा असं म्हटलं आणि २०२२ मध्ये केंद्राने तसं प्रमाण अधिसूचितही केलं. प्रत्यक्षात एकेका शिक्षकाकडे अनेक शाळा असतात. म्हणून ‘सर येतात ना?’ असं न विचारता ‘या महिन्यात कुठल्या तारखांना येणार?’ असं मुख्याध्यापकांना विचारा, आणि त्या दिवशी मूल शाळेत असेल हे बघा.

पेपरचं

आपल्याकडे पहिलीपासून आकारिक मूल्यमापन, म्हणजे वर्षभर वर्गातच चालणारं मूल्यमापन आहे. त्यात तोंडीकाम, प्रात्यक्षिक, कृती, दैनंदिन निरीक्षण ही साधनं नियमातच आहेत. त्यामुळे लिहायला अडणाऱ्या मुलाचं तोंडी घ्या, न बोलणाऱ्याचं कार्ड लावून घ्या, ही विनंती नियमाला धरूनच आहे. त्यासाठी बाईंना कुणाकडे हात पसरावे लागत नाहीत. लेकीच्या बाई गोष्टीवरचे प्रश्न चित्रांवर बोट ठेवून विचारतात. मराठीत ती मागे आहे असं आम्हाला वाटत होतं. अशा पद्धतीने विचारल्यावर कळलं की गोष्ट तिला पूर्ण समजलेली असते.

बाकीचे पालक

याची भीती आपल्याला सगळ्यात जास्त असते. ‘तुमच्या मुलामुळे आमच्या मुलांचं नुकसान होतं’ असं कुणीतरी कधीतरी म्हणणार. मागून बोलणं सुरू होण्याआधी पहिल्याच पालक सभेत बाईंकडून थोडा वेळ मागून घ्या. दया मागू नका, आजाराचं व्याख्यानही नको. ती काय करते, का करते आणि तेव्हा काय करायचं, एवढंच सांगा. लोकांच्या मनात एक प्रश्न हमखास असतो आणि तो कुणी तोंडावर विचारत नाही: ‘मारेल का?’ तो आपणच काढा. मी सांगितलं, ती कुणाला मारत नाही, पण कुणी अंगाशी आलं तर ढकलते, म्हणून समोरून बोलायला सांगा. मुलगा मारत असेल तर तेही खरं सांगा आणि शाळेने काय व्यवस्था केली आहे ते सांगा. लपवलेलं दुसऱ्याच दिवशी बाहेर येतं. त्या सभेनंतर एक आई घरी आली आणि तिने स्वतःच्या भाच्याबद्दल विचारलं. आज ती आमच्या गटात आहे.

मुलांचं सोपं असतं, फक्त एक जपा. वर्गातल्या एका गुणी मुलीलाच ‘तू हिच्याकडे बघ’ म्हणून कामाला लावतात. त्या मुलीचंही बालपण आहे. दर आठवड्याला साथी बदलायला सांगा.

कधी थांबायचं

झोप उडणं, डबा तसाच परत येणं, शाळेत शू दाबून ठेवणं, आलेले शब्द जाणं, अंगावर वळ किंवा ओरखडे. यातलं काही सलग दिसलं तर आधी बाईंशी, मग डॉक्टरांशी बोला. शाळेचा दिवस कमी करून बघा, वर्ग बदलून बघा. तरी मूल कोमेजत असेल तर विशेष शाळेत घाला आणि कुणाला स्पष्टीकरण देत बसू नका. आमच्या गटातल्या एका बाबांनी दुसरीत मुलाला काढलं. तो आता विशेष शाळेत हसत जातो, आणि ते बाबा गटात नेहमीच्या शाळांचे अर्ज भरायला सगळ्यांना मदत करतात.

चौथीच्या वर्षी

आपल्याकडच्या अनेक शाळा चौथीपर्यंतच असतात. पाचवीला नवी इमारत, नवी मुलं, तासाला नवे शिक्षक. एका बाईंना ओळखणाऱ्या मुलाला एकदम पाच-सहा जणांना ओळखायचं असतं. म्हणून चौथीतली दिवाळीची सुट्टी संपली की कामाला लागा. नवी शाळा याच तीन वेळांना बघा. बाईंसाठीचं पान तुम्ही लिहू नका, ते या वेळी चौथीच्या बाईंना लिहायला सांगा. आईने लिहिलेल्यापेक्षा एका शिक्षिकेने दुसऱ्या शिक्षकांना लिहिलेलं जास्त वाचलं जातं. आमच्या बाईंनी परवा कच्चं लिहून दिलं. पहिली ओळ आहे, ‘हिला गणिताचा पहिला तास द्यावा.’ सासूबाईंनी त्यात बाथरूमची कडी तपासायची सूचना घालायला लावली आहे.